देवाआधीची काकडी

दिपिकानं पाटावर दोन दोडकी, एक वांगं, मूठभर तोंडली मांडली आणि मधोमध वेलावरची पहिली काकडी ठेवली. आपण काय करतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं. उद्या नवं, नव्या पिकाचा सण. देवाला दाखवल्याशिवाय पोशेरा गावात नवी काकडी कुणी चाखत नाही. पण चाखायची होती कुणाला? चित्र काढायचं होतं. जव्हारच्या प्रदर्शनासाठी चित्रं देण्याचा आज शेवटचा दिवस, आणि तिकडं जाणारी पुंजाची जीप चारला निघणार. मोबाइलवर बघून बघून तीन वर्षं ती ॲक्रिलिक रंगांचं काम शिकली होती. घराबाहेरच्या एखाद्या भिंतीवर आपलं एक तरी चित्र लागावं, एवढंच तिचं म्हणणं.

दुपारी सासू धोंडीबाई रानातून आली. तिचं आणि दिपिकाचं हळदीच्या दिवसापासून वाजलेलं.

"देवाची काकडी हाय ती."

"खाल्ली नाही, आई. बघतेय नुसती."

"सकाळपासून बघतेस. डोळ्यांनी चाखून उष्टी केलीस. देवाला काय तुझं उरलेलं वाढू?"

"अर्धा तास द्या. तेवढीच राहिलीय."

"रंगारीणबाई, चुलीला अर्धा तास दिलास कधी?"

धोंडीबाईनं काकडी उचलून देवाच्या कोनाड्यात ठेवली, दिवा लावला आणि समोर फतकल मारून बसली. चित्रात मधोमध काकडीएवढं पांढरं भोक उरलं.

वेलावर दुसरी नव्हती. दिपिकानं चित्राचा बोर्ड कोनाड्यापाशी नेला आणि सासूच्या खांद्यावरून बघत रंगवायला बसली. सासू मुद्दाम डावीकडं सरकली, ही उजवीकडं. सासू उजवीकडं, ही डावीकडं. तोवर बशीतला हिरवा रंग सुकून चामडं झालेला. ट्यूबमधून नवा पिळावा लागला.

संपल्यावर तिला दिसलं. बाकी भाज्यांवर उजेड दाराचा, डावीकडून. काकडीवर दिव्याचा, उजवीकडून. सगळ्यांच्या सावल्या एकीकडं, हिची भलतीकडं. पहिल्याच धड्यात करू नका म्हणून सांगितलेली चूक.

बाहेर हॉर्न वाजला. धोंडीबाईनं मान वळवून चित्र पाहिलं, तिच्या मानानं बराच वेळ.

"सगळ्यांकडं पाठ करून बसलीय ही," ती म्हणाली. "तुझ्यासारखी."

सावली फिरवायला दहा मिनिटं पुरली असती, आणि पुंजा थांबलाही असता. पण दिपिकानं सावली तशीच ठेवली, कोपऱ्यात आपलं नाव घातलं, बोर्ड काखेत मारला.

"भाकरी टोपलीत आहेत," ती उंबऱ्यावरून म्हणाली, आणि मागं न बघता जीपमध्ये चढली.