दानम्माच्या हाताची गाडी

दुकानासमोर फटफटी पुन्हा बंद पडली, तेव्हा गेवराईच्या पेठेतली रिकामटेकडी मंडळी उघड उघड हसली. मागे बांधलेलं मसाल्याचं पोतं सावरून दानम्माने काष्टा खोचला आणि परत किक मारली.

“वैनी, बास करा,” दीर रुद्रेश म्हणाला. “फटफटी बायाचं काम न्हाई. तलवाड्याच्या बाजारात आजपासून मी बसतो.”

आजपासून म्हणजे कायमचा, हे तिला कळत होतं. नवऱ्याच्या, चन्नप्पाच्या, उजव्या अंगाला लकवा मारल्यापासून बाजारातल्या त्या जागेवर रुद्रेशचा डोळा होता. जागा गेली की घराने मिठासाठीसुद्धा दिराच्या तोंडाकडे बघायचं. ते तिला मुळीच मान्य नव्हतं.

“तुमी दुसरी जागा बघा, भावजी,” ती म्हणाली. “बंकट, कार्बोरेटर खोल.”

समोरच्या गॅरेजातल्या बंकटने आतली स्लाइड काढून तळहातावर घेतली. हँडलची मूठ पिळली की वर सरकणारी, अंगठ्याएवढी नळी. तिच्या खालच्या कडेला एका बाजूने तिरपा काप असतो. हा भलताच मोठा होता.

“काकू, याला कानस मारल्याली हाय. म्हनून हळू पिळलं की नुसती हवा जाती, पेट्रोल कमी. गाडी धाप टाकती. काका एकदम पिळायचे, तवा निघून जायची.”

दुकानाच्या दारात खाटेवर बसलेल्या चन्नप्पाने मान खाली घातली. नव्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या, तेव्हा आपली जुनी मागे पडू नये, जास्त हवेने जोरात पळावी म्हणून या शहाण्यानेच कानस चालवली होती. दानम्माचं डोकं भडकलं. सारी पेठ तिच्या हाताला नावं ठेवत होती आणि हा गप्प!

“ठावं व्हतं ना तुमाला? मग कावून न्हाई सांगितलं?”

“स्लाइड बदलली की...” जड जिभेने तो म्हणाला, “माजी गाडी कुठं राहती?”

 ती वळली आणि म्हणाली, “बंकट, नवी बसव.”

नवी स्लाइड बसल्यावर, तेलाची धार सोडावी तशी तिने सावकाश मूठ पिळली. गाडी कुरकुर न करता निघाली. वाटेत उभ्या रुद्रेशला बाजूला व्हावं लागलं.

कोपऱ्यावर तिने मागे पाहिलं. बंकटने परत दिलेली घासलेली स्लाइड चन्नप्पाने डाव्या मुठीत धरली होती, आणि ती मूठ तो हळूहळू पिळत होता, तिच्यासारखीच.