कुलूप शाबूत आहे

मी बोलतेय, दवाखान्याच्या तातडीच्या विभागातली औषधांची लाल गाडी. चार चाकं, पाच खण. कुणाचा श्वास अडकला की मला ओढत नेतात. एरवी माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

आधी तर माझ्या डोक्यावर जेवणाचे डबे, स्वेटर, कुणाची पर्स असायची. मग धाकट्या सिस्टरचा अभ्यासक्रम सुरू झाला, तातडीच्या उपचारांचा. त्यात प्रत्येकीने आपल्याच कामाच्या जागी एक सुधारणा करून दाखवायची असते. तिने मला निवडलं.

तिने माझे सगळे खण रिकामे केले. मुदत संपलेली इंजेक्शनं निघाली, एक कंगवाही निघाला. लहान मुलांचं सामान तिने वेगळ्या खणात लावलं. त्यातच घशात बघायचा छोटा दिवा. तिचं स्वतःचं बाळ तेव्हा नुकतं रांगायला लागलं होतं, म्हणून असेल, तो दिवा ती सारखा लावून बघायची.

"गाडीला न्हाऊमाखू घालतेस का गं?" उंच सिस्टर चिडवायची.

"तूही घाल. पाळी बदलली की उघडायची, दिवा लावून बघायचा, मगच नवं कुलूप."

कुलूप प्लॅस्टिकचं, ओढलं की तुटणारं.

परीक्षक आले, माझे फोटो निघाले, धाकटीला चांगले गुण मिळाले. लगेच तिची बदली दुसऱ्या वॉर्डात झाली. मग उघडणं राहून गेलं, कुलूप तेवढं राहिलं. येणारी प्रत्येक जण बोटाने ते हलवून बघायची, "शाबूत आहे," म्हणायची आणि चहाला जायची.

एका दुपारी भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. उंच सिस्टरने माझं कुलूप तोडलं, छोट्या दिव्यातला सेल काढून घड्याळात घातला. "उद्या आणून टाकते," असं स्वतःशीच म्हणत तिने मला नवं कुलूप लावलं. तो उद्या आलाच नाही. घड्याळ माझ्या डोक्यावर टिकटिकत राहिलं. मला ते ऐकवत नव्हतं.

आज सकाळी दार धाडकन उघडलं. धाकटी होती. अंगावर घरातले कपडे, हातात बाळ, बाळाचे ओठ निळे. घशात शेंगदाणा. पाठीवर थापट्या मारून झाल्या होत्या.

"गाडी आणा. छोटा दिवा खालून दुसऱ्या खणात आहे. मीच ठेवलाय."

डॉक्टरांनी दिवा लावून बघितला. लागला नाही. पुन्हा लावून बघितला.

धाकटीने उंच सिस्टरकडे बघितलं. उंच सिस्टरने घड्याळाकडे.

ती स्टुलावर चढली. घाईत घड्याळ खाली पडलं, सेल घरंगळत माझ्या चाकामागे गेला. ती गुडघ्यांवर बसून चाचपडली. सापडला. दिवा लागला.

मधे किती वेळ गेला ते कुणालाच सांगता येत नाही. घड्याळ फरशीवर पालथं पडलंय.

बायांनो, कुलूप बघून पुढे जाऊ नका. मला उघडा, दिवा लावून बघा. एवढंच मागते.

माझे सगळे खण उघडे आहेत. पडद्याआड डॉक्टर अजून वाकलेलेच आहेत. धाकटी मला घट्ट धरून उभी आहे. आम्ही दोघी बाळाच्या रडण्याची वाट बघतोय.