निरोगीबाई

प्रयोगशाळेत तिला सगळे निरोगीबाई म्हणत. काही मुलांच्या शरीराला जन्मापासूनच चरबी नीट जाळता येत नाही; फार वेळ उपाशी राहिली तर जिवावर बेततं. अर्धवट जळलेलं आत साचतं आणि लोखंडासारखा पेशींना गंज चढतो. तो गंज रक्तावरून मोजायचा, हे तिचं काम. पण कमी की जास्त ते ठरवायला शेजारी धडधाकट माणसाचं रक्त लागतं. बाहेरची माणसं शोधा, पटवा, सह्या घ्या, एवढी उस्तवार करणार कोण? मग बाईच बाही वर करायची. नऊ वर्षं तक्त्यातला 'निरोगी' हा रकाना तिच्याच रक्ताचा होता, आणि खोटं कशाला बोला, तिला त्याचा तोरा होता.

तिच्या ताईची सहा वर्षांची मुलगी खेळता खेळता गळून जायची, पाय दुखतात म्हणून रडायची. ताई काळजीने अर्धी झाली, तेव्हा बाईने भाचीचं रक्त गुपचूप आणून आपल्या रक्ताशेजारी लावलं. आकडे तंतोतंत जुळले. तिने ताईला फोनवर झापलं, की पोरगी ठणठणीत आहे, दवाखान्यांचे उंबरे झिजवू नकोस, लाड कमी कर. पुढच्याच तापात पोरगी दीड दिवस जेवली नाही. दुसऱ्या सकाळी ती उठलीच नाही.

सहा महिन्यांनी नवे साहेब आले. त्यांनी बाहेरच्या वीस धडधाकट माणसांचं रक्त मागवलं आणि बाईचं त्यांच्याबरोबर लावलं. तक्त्यात वीस जण एका बाजूला राहिले, बाई आजारी मुलांच्या बाजूला जाऊन बसली. साहेबांनी तिला खुर्ची दिली आणि विचारलं, जिना चढताना मांड्या भरून येतात का, उपाशी राहवतं का. राहवत नव्हतंच. हिच्या पोटात घड्याळ आहे, ही घरातली जुनी थट्टा. पर्समध्ये कायम बिस्किटांचा पुडा. नऊ वर्षं याच रोगावर काम करून तिला हे दिसू नये? तिला स्वतःचाच संताप आला. पुढच्या तपासण्यांत पक्कं झालं: तिला तोच आजार होता, फक्त सौम्य.

रविवारी ती ताईकडे गेली. ताईच्या मांडीवर आठ महिन्यांची धाकटी होती. ताईने सवयीने आधी खाण्याची बशी पुढे सरकवली, तुला भूक निघत नाही म्हणाली. मग म्हणाली, एवढंच समाधान आहे की आपल्याकडून काही राहिलं नाही, तू स्वतः तपासलं होतंस.

"हिचंही एकदा बघून दे. तू ठीक म्हणालीस की मी निर्धास्त."

धाकटीचं रक्त साहेबांकडे मुकाट्याने देता आलं असतं. उपचार झाले असते, आणि कुणाला काही कळलं नसतं. सगळा रस्ता बाईने तेच ठरवलं होतं.

"ताई, मी थोरलीचं रक्त माझ्या रक्ताशी ताडून पाहिलं होतं," ती म्हणाली. "आणि मी आजारी आहे. जन्मापासून. तिलाही तेच होतं."

ताईला समजायला वेळ लागला. तिने धाकटीला छातीशी घेतलं.

"शेवटी तिने बिस्किट मागितलं होतं," ताई म्हणाली. "मी म्हटलं, आधी जेव. तूच म्हणाली होतीस ना, लाड कमी कर."

बाईने मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली. पुडा आत होता.