मूळ नमुना

फिरतं संग्रहालय आमच्या गावात येणार आणि त्यात आमच्या ह्यांचं यंत्र असणार, हे कळल्यापासून घरात दुसरा विषय नव्हता. खेड्यातल्या लोकांनी डोकं चालवून काय काय केलंय ते दाखवायला दोन लांबलचक गाड्या गावोगाव हिंडतात म्हणे. हे वेल्डर, आणि यांचं म्हणजे मक्याच्या कणसाचे दाणे काढायचं यंत्र. गुणी माणूस आहे, ते मी कधी नाकारलं नाही. पण एका पत्रानं माणसानं इतकं फुगावं? इस्त्रीचा शर्ट चार दिवस आधीच खुंटीला लागला होता.

मला वाटलं, कुणा गिऱ्हाइकाकडून हल्लीचं एखादं यंत्र नेलं असेल. साठेक तरी विकलीत यांनी. त्या प्रत्येकाच्या तोंडावर वीतभर लांब पत्र्याची नळी असते. कणीस नळीतून आत जातं, हात बाहेरच राहतो.

पहिल्या यंत्राला ही नळी नव्हती. नुसतं भोक, आणि आत गरगर फिरणारा दात्यांचा रूळ. मी तेव्हाच म्हटलं होतं, अहो, यावर काहीतरी बसवा, आखूड कणीस ढकलताना बोटं फार जवळ जातात. हे म्हणाले, उद्या बसवतो. तो उद्या उजाडायच्या आत माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला यांनी सांगितलं, "ती जरा वेंधळीच आहे. लक्ष नव्हतं तिचं."

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. सासूबाई शेवटपर्यंत माझ्या हातात कपबशी देताना "नीट धर गं" म्हणायच्या. मी बोलले नाही. धंदा नुकता उभा राहत होता, आणि माणसाचा घात केलेलं यंत्र कोण विकत घेणार? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ तर धड झाकतही नाही.

वेल्डर लोकांत एक रीत आहे. ज्या यंत्रानं माणसाचं रक्त काढलं ते अख्खं भंगारात द्यायचं नाही. गॅसनं कापून तुकडे करायचे, म्हणजे पुन्हा कुणी ते जोडून चालवणार नाही. मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा हे म्हणाले होते, "कापलं. तुकडे करून दिलं." मला तेवढं पुरलं.

गाड्या शाळेच्या मैदानात लागल्या. आम्ही पायऱ्या चढून आत गेलो. सायकलवर चालणारा पंप, मातीचं थंड कपाट, असं बघत बघत शेवटच्या कोपऱ्यात पोचलो आणि मी जागीच थांबले. उंच ओट्यावर, दिव्याच्या झोतात ते उभं होतं. चकचकीत रंग दिलेला. खाली पाटी, 'मूळ नमुना'. पण रंगाखालचं ते वेडंवाकडं वेल्डिंग मी आंधळी झाले तरी ओळखीन. आणि समोर ते भोक, तसंच उघडं.

मी यांच्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक.

"कापलं होतंत ना?"

"हात धजावला नाही गं," हे पुटपुटले. "पहिलंच होतं माझं. भंगारवाल्याला अख्खंच दिलं."

पहिलंच होतं म्हणे. जशी काही माझी बोटं पुन्हा उगवणार होती.

तेवढ्यात प्रदर्शनवाल्या मॅडम हसत हसत आल्या. भंगारात हे कसं सापडलं, त्यावरच्या नावाच्या पट्टीवरून आमचा पत्ता कसा शोधला, सगळं त्यांनी कौतुकानं सांगितलं. मग माझ्या हातात एक कागद दिला. यंत्राचं ड्रॉइंग, मापांसकट. "हे आम्ही प्रत्येक गावात फुकट वाटतो. चारशेच्या वर गेलेत. कुठलाही वेल्डर दोन दिवसांत करून देतो."

ड्रॉइंगमध्ये नळी नव्हती. कुठून असणार?

भिंतीवर फोटो होते, ज्यांनी ते बनवून घेतलं किंवा बनवायला टाकलं त्यांचे. अकरा घरं. एका फोटोत एक तरुण बाई कणीस आत ढकलत होती. कॅमेऱ्याकडे बघून हसत होती, आणि बोटं भोकाच्या अगदी काठाशी.

बाहेर माईकवर यांचं नाव पुकारलं. हे गेले, प्रमाणपत्र घेतलं, टाळ्या झाल्या. मला वाटलं, आता तरी बोलतील. हे म्हणाले, "या यंत्रासाठी मी फार कष्ट घेतले." मी सरळ मंचावर चढले.

"तुम्ही सांगता, की मी सांगू?"

सगळं मैदान बघत होतं. यांनी माईक घट्ट धरला. "हे यंत्र कुणी चालवू नका," हे म्हणाले. "हिची बोटं यात गेली. हिनं आधीच बजावलं होतं, मी ऐकलं नाही. ही वेंधळी नव्हती." टाळी वाजवावी की नाही, कुणालाच कळेना. नऊ वर्षं हे ऐकायची वाट पाहिली, वाटलं होतं हलकं वाटेल. कसलं काय, नुसता संताप आला. एवढं सोपं होतं तर.

मॅडमनी कागदांचा गठ्ठा कपाटात कोंबला. अकरा घरांचे नंबर होते, बाकी कागद कुणाकडे गेले त्याचा पत्ता नाही. गाडीच्या लोखंडी पायरीवर बसून यांनी एकेक फोन लावला, स्पीकरवर. एकानं लगेच यंत्र बंद केलं. एकाचं अजून अर्धवटच होतं. कुणी शिव्या घातल्या, त्या यांनी मुकाट ऐकल्या. असे दहा झाले.

अकरावा, त्या फोटोतल्या घरचा. पुरुषानं उचलला.

"यंत्र एक नंबर आहे, साहेब," तो म्हणाला. "बायकोचा हात गेला मध्ये, पण त्यात यंत्राचा काही दोष नाही."

मी फोन हिसकावला. "तिला दे," म्हटलं.

पलीकडून बाईचा बारीक आवाज आला.

"कधी झालं?" मी विचारलं.

"मागच्या महिन्यात."

"किती बोटं?"

"तीन." मग ती आपणहून म्हणाली, "मीच घाई केली, ताई."

"काही घाई केली नाहीस तू," मी म्हटलं, आणि फोन यांच्या हातात दिला. "आता सांगा. तिच्या नवऱ्याला नको. तिला सांगा."