तांडेलाचा गुडघा

डॉक्टर चारुताने जाड सुईचं पाकीट फोडलं, तशी गुरुदास तांडेलाने लुंगी ओढून गुडघा झाकला. शहाळ्यावर रुमाल टाकावा तसं ते दिसलं.

"सुई कित्याक गो बाय? गाऊट आसा माजो. धा वर्सां पोसलंय. गोळ्यो दी, घराक जातंय."

"गाऊट तुमच्या अंगठ्याला व्हायचा, काका. या वेळी गुडघा आहे, ताप आहे, हुडहुडी आहे. सांध्यात जंतू शिरले असतील तर दोन दिवसांत पायाचं वाटोळं होईल. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आतलं पाणी काढून बघायला हवं."

उसळत्या दर्यात लाँच हाकलेला हा माणूस सुईला मात्र घाबरे.

"आयतवारी टोपभर कुर्ल्यो खाल्लंय. त्यांचाच ह्या! एक कुर्ली तर इतकी मोठी, डेंग्यान टोपाचा झाकान उचलून माकाच इचारल्यान, मीठ घातलंस काय?"

"टोप चाटूनपुसून ठेवलेला," सून विनीता म्हणाली. त्या कुर्ल्या तिने माहेरी न्यायला रांधल्या होत्या. खेकड्याने गाऊट भडकतो, म्हणून घरात कुर्ली खायची नाही, हा सासूबाईंचा, सुगंधाचा कायदा. नवऱ्याला गाऊट झाल्यापासून सुगंधाने स्वतःही सोडली होती, आणि हे ती सुनेला उठता-बसता ऐकवी.

सुगंधा दाराशी उभी होती. तिने पदर सारखा केला.

"खाल्ल्या असल्या तरी सुई हवीच," चारुता म्हणाली. "पण तुम्ही नको म्हणालात तर मी टोचू शकत नाही."

"मगे झाला!" गुरुदासने पाय खाली सोडला. टाच जमिनीला लागली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मुंगी चावली तर आळी जागी करणारा माणूस, पण तोंडातून हूं की चूं नाही.

"बसा थंयच!" सुगंधा पुढे आली. "डॉक्टर, ह्येंनी डेंगोसुदा चाखूक नाय. त्यो कुर्ल्यो मियां खाल्लंय. सगळ्यो."

विनीताने तोंडाला ओढणी लावली.

गुरुदासने बायकोकडे पाहिलं आणि लुंगी वर घेतली. "घाल गो सुई."

नळीत ताकासारखं गढूळ पाणी आलं. चारुताने ते उजेडात धरलं.

"तपासायला पाठवते. यात गाऊटचे खडे निघाले, तरी जंतू नाहीत असं होत नाही. मला जंतूंचीच भीती आहे. आत्ताच मोठ्या इस्पितळात जा, मी फोन करते."

विनीता रिक्षा बघायला धावली. पट्टी लावताना चारुता थबकली. गुडघ्याच्या वाटीशेजारी एक काळपट टोच होती.

"काका, इथे काय रुतलं होतं?"

"सोमवारी फाटफटी माडाच्या मुळात खड्डो मारलंय. थंय गुडघो टेकलंय."

"पहाटे खड्डा? कशाला?"

"आमचा मांजर मेला. ता पुरूक."

आयतवारी रात्री सुगंधाने कुर्ल्यांच्या कवट्या लाकडांमागे लपवल्या होत्या. सकाळी त्या तिथे नव्हत्या. मांजराने नेल्या, असं तिने धरलं होतं. त्याच मांजराला ती आत्ता निघताना दूध घालून आली होती.

तिने खाली बसून त्याच्या टाचेखाली दोन्ही तळवे धरले.