पॉलिशचा भाव

किसनकडे गिऱ्हाईक नव्हतं असं कुणी म्हणत असेल, तर त्याने सकाळी पोलोग्राउंडला येऊन बघायला हवं होतं. पत्र्याच्या शेडसमोर धुवायला आलेल्या मारुती गाड्यांची रांग लागायची आणि ती रांग बघून किसन रडकुंडीला यायचा. धंदा चालत नाही म्हणून रडणारे गावात पैशाला पासरी होते. चालतो म्हणून रडणारा हा एकटाच.

दोष त्याचाच होता, आणि त्याची बायको आनंदी त्याला तसं तोंडावर सांगायची. मिल बंद पडली तेव्हा साच्यांवर कापड विणणाऱ्या किसनने चाळिशी ओलांडली होती. मग तो एका शोरूमच्या मागच्या अंगणात नव्या गाड्या पुसायला लागला. काचेवरचे पाण्याचे डाग कसे काढायचे, मेण कसं चढवायचं, ओरखडा कसा झाकायचा, सगळं तिथेच शिकला. शहरात तेव्हा गाड्यांचं पीक आलं होतं. ज्यांची उमर लूनाचे पेडल मारण्यात गेली, तेही आता कर्जावर मारुती घेऊन अन्नपूर्णेच्या दर्शनाला जायला लागले होते. तेव्हा किसनने हिंमत केली. शेड भाड्याने घेतली, पंप आणला, पॉलिशचे डबे मांडले. सगळं जमलं आणि भाव काय लावायचा, इथे घोडं अडलं.

भाव लावणं त्याच्या घराण्यातच नव्हतं. बाप महूच्या पलटणीत, तिथे पगार सरकार ठरवणार. स्वतः किसनने उभी जवानी साच्यांवर घालवली, तिथे मीटरमागे किती ते ऑफिसातून यायचं. युनियनने भांडावं, जॉबर मुकादमाने दम भरावा, पण आकडा उतरायचा तो वरूनच. आपल्या हातच्या कामाला आपणच किंमत सांगायची, आणि तीही समोरच्याच्या डोळ्यांत बघून, हे त्याने जन्मात केलं नव्हतं. मग मिलमधल्या माणसाला जे सुचायचं तेच त्याला सुचलं. तो एका साहेबाला विचारायला गेला.

साहेब म्हणजे लक्ष्मीकांत पुराणिक, बँकेतले अधिकारी. शोरूममध्ये किसनने त्यांची गाडी चमकवून दिली होती, तेव्हापासूनची ओळख. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत.

"साहेब, धुणं, आतली सफाई, पॉलिश, सगळं मिळून किती घेऊ?" किसनने त्यांच्या दारात उभं राहून विचारलं.

लक्ष्मीकांतजींनी खरोखर विचार केला. हनुवटी खाजवली. "देखो किसन, शोरूमवाले लूट मचवून बसलेत. तू साठ घे. एकदम वाजवी. मी सगळ्या कॉलनीला सांगतो, तू फिकर नको करू भिया."

ज्याच्या खिशातून जायचे त्यालाच भाव विचारला! कोथिंबीर विकणारी बाईसुद्धा असं करत नाही. किसन मात्र त्या दिवशी तरंगतच घरी आला. साहेबाने सांगितलंय म्हणजे पक्कं, म्हणाला, आणि पेंटरकडून पाटीवर मोठ्या अक्षरांत 'साठ' लिहून घेतलं.

लक्ष्मीकांतजींनी शब्द पाळला. सगळी कॉलनी लोटली. आणि मग कळलं की त्या साठांत डबे, टँकरचं पाणी, शेडचं भाडं आणि लाइटबिल भागवलं की उरतो तो चहा. आनंदी शाळेतलं आयाचं काम सोडून इथे आली होती. दिवसभर गाड्यांत वाकून ती गाद्या झाडायची, पायपुसण्या घासायची. तिची मजुरी धरायचं ना साहेबाला सुचलं, ना नवऱ्याला. पुढे डबे महागले तेव्हा चहाही गेला. आता जितक्या गाड्या जास्त, तितका खड्डा मोठा.

शेवटी आनंदीने त्याला अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या कॉलनीत, साहेबाच्या घरी पिटाळलं.

"साहेब, सव्वाशे केल्याबगैर नाही परवडत," किसन कसाबसा म्हणाला.

"अरे, असं कसं? मी लोकांना जबान दिलीय ना," लक्ष्मीकांतजी दुखावलेच. "माझी काय इज्जत राहील? थोडे दिवस निभवून घे. बाद में देखेंगे."

"जी साहेब," किसन म्हणाला. आलोच आहोत तर म्हणून त्यांची गाडीही पुसून आला.

दुसरीकडे एक ठेकेदार त्याच्या मागे लागला होता. बंद मिलच्या फाटकावर चौकीदार हवा होता, शनिवारपर्यंत हो की नाही सांग म्हणत होता. जे साचे आपण चालवले ते गंजताना राखत बसायचं, हा विचारच किसनला नको व्हायचा. पण भाव वाढला नाही तर शेड बंद आणि फाटक नशिबी, हे दोघांनाही दिसत होतं.

गुरुवारी सांवेरचा एक सोयाबीनचा व्यापारी शेडपाशी थांबला. चमकत उभ्या असलेल्या गाडीवरून त्याने बोट फिरवलं. "कल अपनी लाता हूँ. काम जमा तो हमारे यहाँ की आठ-दस गाड़ियाँ सब इधरीच आएँगी," म्हणाला आणि भाव न विचारताच गेला.

आनंदीने तिथल्या तिथे पाटी उतरवली.

"अहो, हा काही तुमच्या साहेबाच्या कॉलनीतला नाही. कुणी याला जबान दिलेली नाही. म्हणा, सव्वाशे."

"सव्वाशे."

"जमिनीला नका सांगू. माझ्याकडे बघून."

"सव्वाशे!" किसन ओरडला. दोघंही हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मग पंपाला सव्वाशे, बादलीला सव्वाशे, असं संध्याकाळपर्यंत चाललं. त्याच्या तोंडात तो आकडा चांगला रुळला.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. पांढरी नवी गाडी, चाकांना काळी माती. तो किल्ली बोटात फिरवत उतरला.

"हाँ भिया, कित्ते लोगे?"

आनंदी ब्रश घेऊन मागे उभी होती. किसनने तोंड उघडलं. आकडा जिभेवर होता, खरंच होता. पण समोरचा माणूस वाट बघत होता, आणि असं वाट बघणाऱ्या माणसापुढे किसन आयुष्यभर मान खाली घालूनच उभा राहिला होता.

"आप जो ठीक समझो, सेठजी."

व्यापाऱ्याची हयात मंडीत गेली होती. असं कोण म्हणतं आणि का म्हणतं, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने घासाघीससुद्धा केली नाही.

"पचास. बाकी गाड़ियाँ भी इसी भाव में."

"जी," किसन म्हणाला. ठरवायच्या आधीच तो शब्द बाहेर पडला होता.

व्यापारी पलीकडे चहा प्यायला गेला. किसनला वाटलं, आता आनंदीने ओरडावं, ब्रश फेकून मारावा. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. ती गाडीत वाकून गाद्या झाडत राहिली. मग तिने आतूनच विचारलं, "त्या चौकीदारीला पगार किती आहे?"

किसनला माहीत नव्हतं. त्याने विचारलंच नव्हतं.

"ठेकेदार सांगेल ना," तो म्हणाला.