अंगात ताप नाही

आमच्या घरात कुणाला ताप आहे की नाही, हे दादा ठरवतो. बेकरीच्या भट्टीच्या तोंडाशी तळहात धरून आच पुरेशी आहे का ते तो अचूक सांगतो, म्हणून घरच्या कपाळांचा कारभारही त्याच्याकडेच. माझ्या पोरांनी कितीही कण्हून दाखवलं, तरी मामा "गार आहे" म्हणाला की दप्तर उचलावंच लागतं.

आई दोन दिवस धड जेवली नव्हती. सकाळी तिने मला मावशी समजून हाक मारली. दादाने तिच्या कपाळावर हात ठेवला. अंग गार आहे, वयोमानाने होतं असं, झोपू दे तिला, म्हणाला. थर्मामीटर लावला, तर त्यानेही दादाचीच री ओढली. मला संताप आला. ताप नाही म्हणजे माणूस बरं असतं का? त्याच्याशी भांडूनच मी गाडी बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो पाहिला. फुप्फुसात जंतू चांगलेच पसरले होते. दादा आपला एकच सांगत राहिला, अंगात ताप नव्हता हो.

"तीच तर काळजी आहे," त्या म्हणाल्या. "जंतू शिरले की मेंदूच शरीराला तापायला लावतो. त्या उष्णतेत जंतूंची वाढ मंदावते, त्यांच्याशी लढणाऱ्या पेशींना जोर येतो. ताप आला म्हणजे शरीराने लढायला घेतलं. तुमच्या आईंच्या अंगात तेवढंही त्राण उरलेलं नाही."

दादा बाकावर खाली मान घालून बसला. मी त्याला चांगलं फैलावर घेणार होते, पण त्याचं तोंड बघून माझी जीभ रेटेना. आई आता जाणार, असंच मला वाटत होतं. नळीतून औषध जात होतं आणि तिचे पाय काही केल्या ऊब धरत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई कुडकुडायला लागली. दोन पांघरुणं पुरेनात. मी धावत जाऊन नर्सला आणलं. ताप भरला होता, एकशे दोन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की धोका टळला असं नाही, पण शरीर झुंजायला लागलंय. हे ऐकून दादा भिंतीकडे तोंड करून रडला.

थोड्या वेळाने आईने डोळे उघडले. या वेळी तिने मला ओळखलं.

"धाकटे," ती म्हणाली, "तुमच्या डोक्याला उगाच ताप दिला गं मी."

तिचा हात चटका बसावा इतका कढत होता. मी तो गालाशी घट्ट धरला.

"दे, आई. अजून दे."